स्कोलिइड गांधीलमाशीची प्रजाती कशी ओळखावी

आधी नमुना स्कोलिइडी कुळातलाच आहे ना, याची खात्री करा. पंखांच्या टोकाकडे, जिथे शिरा संपतात, तिथे बारीक उभ्या सुरकुत्या दिसायला हव्यात. डोळ्याच्या आतल्या कडेला खाच असते. छातीच्या खालच्या बाजूला रुंद, चपटा पत्रा असून मधल्या पायांची मुळं एकमेकांपासून लांब असतात.

मग नर की मादी ते ठरवा. मादीच्या मिश्या आखूड, वळलेल्या, 12 खंडांच्या. नराच्या लांब, सरळ, 13 खंडांच्या. नराच्या पोटाच्या टोकाला तीन काटे असतात. त्यांना नांगी समजू नका.

खरा निकाल पुढच्या पंखावर लागतो. पंख पसरून 10 पट भिंगाखाली, उजेड तिरपा ठेवून पाहा. रिकरंट शिरा (पंखाच्या मधल्या भागातून पुढच्या कडेजवळच्या कप्प्यांना मिळणाऱ्या आडव्या शिरा) दोन असतील, तर नमुना कॅम्प्सोमेरिनी गटातला. एकच असेल, तर स्कोलिनी. स्कोलिनीत सबमार्जिनल कोष्ठ, म्हणजे पुढच्या कडेजवळचे शिरांनी वेढलेले तेच कप्पे, मोजा: मेगास्कोलिया प्रजातीत तीन, स्कोलिया प्रजातीत बहुधा दोन. एखादी शिरा अर्धवट असू शकते, म्हणून दोन्ही पंख तपासा.

कॅम्प्सोमेरिनीत मात्र घाई नडते. नर-मादी इतके वेगळे दिसतात की एकाच जातीचे वाटत नाहीत. तिथे मागच्या पोटरीचे काटे, छातीमागच्या भागावरचे बारीक खळगे आणि नराचं जननांग पाहावं लागतं. हे जननांग नमुना मऊ असतानाच बारीक आकडीने बाहेर ओढा. वाळलेला असेल, तर आधी दमट डब्यात ठेवा, नाहीतर तुटतो. नुसत्या पिवळ्या पट्ट्यांवरून नाव देऊ नका. केस झिजले की रंग फसवतो.