अँकीत साचलेली २,३०० कार्डं कशी उपसली

इंटर्नशिपमध्ये नीट पीजीसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेसाठी, अँकी सुरू केलं. हे प्रश्नोत्तरांची कार्डं ठरावीक अंतराने पुन्हा विचारणारं ॲप. उत्साहात रोज शंभर नवी कार्डं. मग कॅज्युअल्टीच्या सलग नाइट लागल्या आणि आठवड्याभरात रिव्ह्यूचा, म्हणजे उजळणीला साचलेल्या कार्डांचा, आकडा २,३०० वर गेला. ॲप उघडायचीच भीती वाटू लागली.

आधी नवी कार्डं शून्यावर आणली आणि रिव्ह्यूची मर्यादा दिवसाला १५०. ओपीडी उरकल्यावर, जेवणाच्या रांगेत, जमेल तसं. तरी काही कार्डं पुन्हा पुन्हा चुकतच होती. अँकी अशा कार्डाला 'लीच' म्हणतं, म्हणजे जळू. सेटिंग बदललं नसेल तर आठ वेळा विसरलेल्या कार्डावर ते ही खूण लावतं. माझ्याकडे जळवांचा कळप निघाला!

दोष माझाच होता. डिगॉक्सिन हे हृदयावरचं औषध. 'डिगॉक्सिनचे दुष्परिणाम' असा अख्खा परिच्छेद एका कार्डावर कोंबलेला. तो फोडला. त्याच्या विषबाधेत वस्तू कोणत्या रंगाच्या दिसतात? पिवळ्या. पोटॅशियम कमी असेल तर धोका वाढतो की घटतो? वाढतो. एका कार्डावर एकच गोष्ट. आणि नवं कार्ड फक्त चुकलेल्या प्रश्नावरून. दुसऱ्याची तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवून घेणं मी बंदच केलं.

साधारण महिन्याने ढीग संपला.

२०२४ पासून नीट पीजीच्या पेपरचे वेळेने बांधलेले विभाग झालेत, ४० प्रश्नांना ४२ मिनिटं आणि संपलेल्या विभागात मागे फिरता येत नाही. म्हणून सरावही मी तसाच, फोनवर ४२ मिनिटांचा टायमर लावून करते. फोन एरोप्लेन मोडवर. नाहीतर वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच.