इंग्लंडच्या अंगणात अल्पाइन झाडं जगवायची तर

अल्पाइन झाडं, म्हणजे उंच पर्वतांवर वाढणारी बुटकी झाडं, लावायला घेतली की जो तो सांगतो, थंडीपासून जपा. हा सल्ला सोडून द्या. आल्प्समध्ये ही झाडं कित्येक महिने बर्फाखाली असतात. तिथे वारा लागत नाही, तापमान शून्याच्या आसपास टिकतं आणि मुळाशी पाणी साचत नाही. इंग्लंडचा हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते मार्च नुसती रिपरिप. झाड मरतं ते या ओलीनं.

जागा उघडी, उन्हाची हवी. जमीन चिकणमातीची असेल तर खड्डा खणू नका, त्यात पाणीच साचेल. वर किमान 30 सेंटिमीटर उंच वाफा रचा. दगड एकाच जातीचे घ्या आणि पक्के बसतील इतके खोल पुरा.

वाफ्यात भरायचं मिश्रण असं: एक भाग बागेची माती, एक भाग पालापाचोळ्याचं खत, दोन भाग 3 ते 6 मिलिमीटरची धुतलेली खडी. बांधकामाची बारीक वाळू अजिबात नको, ती मातीतल्या पोकळ्या बुजवते.

आता लावणी. बहुतेक झाडं इथेच हातची जातात, आणि दोष मात्र हवेला दिला जातो. नर्सरीतलं रोप अनेकदा पीटच्या, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या, भुसभुशीत गोळ्यात वाढलेलं असतं. ते तसंच खडीत बसवलंत तर तो गोळा हिवाळाभर ओल्या स्पंजासारखा राहतो. उन्हाळ्यात एकदा कोरडा पडला की पुन्हा लवकर भिजत नाही, आणि मुळं बाहेर पडायचं नाव घेत नाहीत. ‘मुळांना हात लावू नका’ असं कुणी कितीही बजावलं तरी ऐकू नका. रोप बादलीत बुडवा, गोळा बोटांनी हलकेच सोडवा, मुळं मोकळी करून खाली पसरवा आणि मिश्रण भरा. हे एप्रिलमध्ये करा, भर उन्हाळ्यात नको. नंतर भरपूर पाणी द्या आणि मुळं धरेपर्यंत वाफा वाळू देऊ नका.

रोपाची मान, म्हणजे खोड आणि मुळं जुळतात ती जागा, मातीच्या वर दोन सेंटिमीटर राहिली पाहिजे. मानेभोवतीची ही दोन सेंटिमीटरची जागा मातीनं नव्हे, खडीनं भरा. पानं ओल्या मातीला टेकली की कूज तिथूनच सुरू होते.

काही झाडांची वेगळी काळजी घ्यावी लागते. लुइसिया उभी लावूच नका. दोन उभ्या दगडांच्या फटीत आडवी बसवा, म्हणजे पानांच्या चक्रात पाणी थांबत नाही. लवदार पानांच्या अँड्रोसेसवर हिवाळ्यात काच धरा, पण बाजू उघड्या ठेवा. वारा खेळायलाच हवा.

सुरुवातीला सेम्परव्हायव्हम आणि सॅक्सिफ्रागा पॅनिक्युलाटा लावा, दोन्ही सोशिक आहेत. जेंशियनचं बी डिसेंबर-जानेवारीत पेरून कुंडी बाहेरच ठेवा. थंडी खाल्ल्याशिवाय ते नीट रुजत नाही. जेंशियाना सायनो-ऑर्नाटाला मात्र चुना सोसत नाही. तुमचे दगड चुनखडीचे असतील तर तिला वेगळ्या कुंडीत आम्ल माती द्या, आणि पाणी पावसाचं घाला.