मांजर धडधाकट आहे का, हे ठरवताना या चुका टाळा

मांजर जरा मलूल दिसले की बहुतेक घरांत प्रथम त्याच्या नाकाला बोट लावून पाहिले जाते. ओले, गार नाक म्हणजे तब्येत उत्तम आणि कोरडे म्हणजे ताप, हा समज चुकीचा आहे, कारण उन्हात लोळलेल्या किंवा नुकत्याच झोपेतून उठलेल्या निरोगी मांजराचे नाकही कोरडे असू शकते. त्याहून घातक चूक पुढे होते. मांजराचे नेहमीचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच असते. हाताला लागणारी ही ऊब ताप समजून कोणी घरातली पॅरासिटामॉल दिली, तर ती मांजराच्या जिवावर बेतू शकते.

पाहायच्याच असतील तर हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी आणि ओलसर असाव्यात, आणि बोटाने हलके दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पूर्ववत व्हावी. पांढरट, पिवळट किंवा निळसर हिरड्या दिसल्यास पशुवैद्याकडे जाण्यास उशीर करू नये. केशरी मांजरांच्या ओठांवर व हिरड्यांवर वयानुसार येणारे सपाट काळे ठिपके मात्र बहुधा निरुपद्रवी असतात, त्यामुळे त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

मांजर घुरघुरते आहे म्हणजे ते सुखात आहे, असे धरून चालणे ही आणखी एक चूक, कारण वेदना होत असताना किंवा भेदरलेले असतानाही मांजर घुरघुरते. त्यापेक्षा ते गाढ झोपलेले असताना छातीची हालचाल मोजावी. एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास, आणि असे श्वास मिनिटाला तीसपेक्षा कमी असावेत. तोंड उघडून धापा टाकणे कुत्र्याच्या बाबतीत नित्याचे असले, तरी स्वस्थ बसलेल्या मांजराच्या बाबतीत ते तातडीने दाखवण्याचे लक्षण आहे.

गुबगुबीत मांजराचे आपल्याकडे फार कौतुक होते. वास्तविक हलक्या हाताने चाचपल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहताना कंबर दिसली पाहिजे. मागच्या पायांपुढे लोंबणारी सैल कातडी मात्र सडपातळ मांजरालाही असते, तिला चरबी समजू नये. वाढलेल्या वजनामुळे किंवा सांधेदुखीमुळे मांजराचे तोंड पाठीच्या शेवटापर्यंत पोहोचत नाही आणि तिथे कोंडा व केसांचा गुंता दिसू लागतो. अशा वेळी घरातले लोक त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. याच्या उलट, एखादे वयस्कर मांजर भरपूर खाऊनही रोडावत असेल, तर त्याला भूक चांगली लागते म्हणून समाधान मानण्याऐवजी थायरॉइड आणि मधुमेह यांची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी महिन्यातून एकदा मांजराला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करून आकडा लिहून ठेवावा, कारण रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हळूहळू होणारी घट दिसत नाही.

लिटरच्या ट्रेकडे, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या तबकाकडे, लक्ष नसणे ही चूक सर्वांत महागात पडते. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल, तर पुष्कळदा त्याला बद्धकोष्ठ झाला असे समजून घरगुती उपाय केले जातात. प्रत्यक्षात त्याची लघवी अडलेली असू शकते, आणि अडलेली लघवी एक-दोन दिवसांत प्राणघातक ठरते. म्हणून ट्रेमधली वाळू कोरडी आढळली आणि बोका कुंथत असला, तर रात्र असली तरी त्याला दवाखान्यात न्यावे.