रचनावादी विश्लेषण कसे लिहावे : डॉ. कोटणीसांच्या उदाहरणासह

सोलापुरात राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची रचनावादावरील (राष्ट्रांचे हितसंबंध परस्परव्यवहारातून घडलेल्या ओळखीवरून ठरतात, असे मानणाऱ्या आंतरराष्ट्रीय संबंधांतल्या सिद्धान्तावरील) उत्तरे पुष्कळदा तो मांडणाऱ्या निकोलस ओनफ (१९८९) आणि अलेक्झांडर वेंट (१९९२) या नावांपाशीच संपतात. नावे हवीतच; पण सिद्धान्त प्रसंगाला लावून दाखवल्याशिवाय उत्तराला वजन येत नाही.

भारत-चीन संबंध घेतले, तर उदाहरण गावातलेच आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानविरुद्धच्या युद्धातील जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. उत्तरात त्यांचे चरित्र सांगत बसू नये. पारतंत्र्यातल्या भारताने हे पथक का पाठवावे, असा प्रश्न करावा. साम्राज्यवादाने गांजलेले आपण दोघे, ही ओळख मनात रुजलेली होती, म्हणूनच चीनला मदत करणे हे आपले काम वाटले. ओळख आधी आणि हितसंबंध नंतर, हा क्रम स्पष्ट मांडावा. कारण राष्ट्रांचे वागणे सत्ता आणि सुरक्षितता यांवरून समजावणारा वास्तववाद हितसंबंध गृहीत धरून चालतो आणि रचनावादाचे त्याच्याशी खरे भांडण इथेच आहे.

त्यानंतर परस्परव्यवहारातून ही ओळख कशी बदलली ते दाखवावे. १९५४ च्या पंचशील करारानंतर आठच वर्षांत युद्ध झाले, आणि भारतीय मनाने १९६२ ची नोंद नुसता पराभव म्हणून न करता दगाफटका म्हणून केली. ज्याच्याशी आधीपासूनच वैर मानले आहे, त्याच्या हल्ल्याने असे दुखावले जात नाही. त्या जखमेमागे आधीची भाईचाऱ्याची भाषा होती. वैरही असेच घडते, हे लिहायला विद्यार्थी विसरतात.

पुरावा म्हणून करारांची कलमे, नेत्यांची भाषणे, पाठ्यपुस्तके आणि स्मारके वापरावीत. भारतभेटीत चिनी नेत्यांनी कोटणीस कुटुंबीयांची भेट घेणे ही मैत्रीची ओळख जागती ठेवणारी कृती आहे. मात्र त्या स्मृतीने २०२० मधील गलवानचा संघर्ष टळला नाही, हेही लिहावे.

शेवटी वास्तववादाची बाजू एका परिच्छेदात प्रामाणिकपणे मांडावी. अक्साई चीनमधील रस्ता, सैन्यबळ आणि तिबेटचे स्थान यांतून जेवढे उलगडते तेवढे त्याच्या पदरात टाकावे, आणि उरलेल्या भागापुरताच रचनावादाचा दावा करावा.