‘रेकॉर्ड आढळून येत नाही’: जमिनीच्या अपिलात नव्या वकिलासाठी काही अनुभव

वकिली सुरू करून मला जेमतेम पाच महिने झाले होते, तेव्हा सीनियरांनी एक जुनी फाइल हाती दिली आणि “यातलं रेकॉर्ड कुठं अडकलंय तेवढं बघून या,” एवढेच सांगितले. वाटणी आणि ताब्याचा दावा, त्यावर जिल्हा न्यायालयातील पहिले अपील आणि मग उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढील दुसरे अपील असा त्या प्रकरणाचा प्रवास होता. वरून मूळ रेकॉर्ड मागवल्यावर खालून एका ओळीचे उत्तर आले होते, की सदर प्रकरणाचे रेकॉर्ड अभिलेख कक्षात आढळून येत नाही. त्यानंतर प्रत्येक तारखेला ‘रेकॉर्डची प्रतीक्षा’ एवढाच शेरा पडत होता आणि गावाकडचे म्हातारे अपीलकर्ते दर वेळी एसटीने येऊन तो शेरा ऐकून परत जात होते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 नुसार दुसरे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरते मर्यादित असते, म्हणून त्याला मूळ कागद लागत नाहीत असा नव्या वकिलाचा समज होतो, माझाही होता. परंतु खालच्या न्यायालयाने पुरावा नसताना निष्कर्ष काढला किंवा एखाद्या दस्ताचा अर्थच चुकीचा लावला, असे म्हणायचे असेल, तर ती साक्ष आणि तो दस्त न्यायमूर्तींसमोर असावाच लागतो. पहिल्या अपिलात तर वस्तुस्थितीचा सगळाच फेरविचार होत असल्याने रेकॉर्डशिवाय पाऊलही पुढे पडत नाही.

त्या पहिल्या शोधात मला एक गोष्ट कळली, जी पुढे फार उपयोगी पडली: ‘आढळून येत नाही’ म्हणजे ‘हरवले’ असे बहुतेक वेळा नसते, तर ते ज्या क्रमांकाखाली शोधले जाते त्या क्रमांकाखाली ठेवलेले नसते. आमच्या प्रकरणात दोन भावांचे दोन वेगवेगळे दावे एकाच निकालाने संपले होते, त्यांतून दोन अपिले झाली होती, आणि दोन्हींचे मिळून एकच बाड दुसऱ्या भावाच्या अपील क्रमांकाने बांधून ठेवले होते. मला हे कुणी सांगितले नाही. जावक नोंदवहीत त्या महिन्याची पाने उलटताना ती नोंद दिसली. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या प्रकरणांत तर हे फारच घडते, कारण एका गावाचे पन्नास संदर्भ अर्ज (मोबदला वाढवून मागणारे अर्ज) एकाच निकालाने निघतात, पुरावा एकाच मुख्य प्रकरणात नोंदवलेला असतो आणि उरलेल्या एकोणपन्नास फाइलींत निकालाच्या प्रतीपलीकडे काहीही नसते.

म्हणून शोध कपाटापासून सुरू करू नये, रोजनाम्यापासून, म्हणजे प्रत्येक तारखेला प्रकरणात काय झाले याच्या नोंदीपासून, करावा. रेकॉर्ड शेवटचे कोणत्या तारखेला कुणाच्या टेबलावर होते, ते वरच्या न्यायालयात पाठवले का, परत आले का, दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, सुरू असेल तर त्यासाठी तिकडे गेले का, हे सगळे रोजनामा, आवक-जावक नोंदवही आणि दरखास्तीची फाइल यांतून उलगडत जाते. मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. औरंगाबादमधून जालना 1981 साली, उस्मानाबादमधून लातूर 1982 साली आणि परभणीतून हिंगोली 1999 साली वेगळा झाला. त्यामुळे त्या काळातील दावा असेल तर आजच्या जिल्ह्यापुरताच शोध न घेता मूळ जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातही विचारावे. शिवाय अभिलेखांचे वेगवेगळे भाग ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची रीत कायदेशीर आहे, त्यासाठी 1917 चा स्वतंत्र कायदाच आहे. तेव्हा नष्ट केलेल्या कागदांच्या यादीत आपला क्रमांक आहे का, हेही आधीच पाहून घेतलेले बरे.

एखादा मूळ दस्तच तेवढा गायब असेल, तर आधी आपल्याच पक्षकाराला विचारावे. संहितेच्या आदेश 13 नियम 9 प्रमाणे, प्रकरण संपल्यावर पक्षकाराला आपला दस्त अर्ज करून परत नेता येतो. एकदा मी दोन महिने ज्या उर्दू कागदासाठी फेऱ्या मारल्या, तो पक्षकाराच्या घरी देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या पेटीत निघाला. वडिलांनी तो परत आणला होता आणि मुलाला त्याचा पत्ताच नव्हता. (त्या फेऱ्यांचा प्रवासखर्च मी त्याच्याकडून मागितला नाही, हा माझा नवखेपणा.)

रेकॉर्ड खरोखरच नष्ट झाले असेल, तर पुनर्बांधणीचा अर्ज करावा लागतो. न्यायालय खालच्या न्यायालयाला शोधाचा अहवाल मागते आणि मग दोन्ही बाजूंकडील प्रतींवरून फाइल पुन्हा उभी करण्याचे निर्देश देते. येथे कोणता कागद पुन्हा मिळतो आणि कोणता मिळत नाही, याचा विचार आधी करावा. सातबारा, फेरफार आणि 1954-55 चे खासरा पत्रक यांच्या नकला तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून पुन्हा काढता येतात. नोंदणीकृत खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते, आणि नोंदणी अधिनियमाच्या कलम 57 मुळे त्यातील मजकूर शाबीत करण्यास ती चालते. निजाम राजवटीतील उर्दू नोंदी मिळाल्या, तरी जाणकाराकडून भाषांतर करून घेण्याचा वेळ हिशेबात धरावा. मात्र नोंदणी न झालेला करार, पैशांच्या पावत्या आणि साक्षीदारांचे जबाब यांना दुसरे घर नसते. दस्त हरवल्याचे शपथपत्रावर दाखवून दुय्यम पुरावा, म्हणजे मूळ दस्ताऐवजी त्याची प्रत वगैरे, देता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम 60 मध्ये आहे. तीस वर्षांपूर्वीचा दस्त खरा धरण्याचे गृहीतक मूळ दस्ताला लागते, झेरॉक्सला नाही; हे विसरण्याची चूक मी भर न्यायालयात केलेली आहे.

पुनर्बांधणी झालीच नाही, तर प्रकरण फेरसुनावणीसाठी खाली जाण्याची वेळ येते, आणि जमिनीच्या दाव्यात याच्याइतके वाईट काही नाही. ज्यांनी पेरणी कोण करत होते हे सांगितले, ते शेजारी बहुधा हयात नसतात. मृत साक्षीदाराचा आधीचा जबाब वापरण्याची मुभा कायदा देतो, पण त्या जबाबाची प्रत कुणाकडे तरी असली पाहिजे.

रेकॉर्डची वाट पाहताना खरा धोका वेगळ्याच बाजूने येतो. आमचे ते म्हातारे अपीलकर्ते अशाच एका तारखेनंतर वारले. वारसांनी दिवस केले, शेती पाहिली, आणि वकिलाला कळवायचे असते हे त्यांच्या मनातही आले नाही. नव्वद दिवसांत वारस रेकॉर्डवर आणले नाहीत तर मयतापुरते अपील आपोआप रद्द होते. ते रद्द झालेले बाजूला सारण्यासाठी पुढे साठ दिवस मिळतात, आणि त्यानंतर विलंबमाफीचा अर्ज करून प्रत्येक दिवसाचा हिशेब देत बसावे लागते. रेकॉर्ड सापडले त्या आठवड्यात आम्ही हाच अर्ज टंकलिखित करत होतो. अपील ‘प्रलंबित’ असले तरी पक्षकाराला दर दोन-तीन महिन्यांनी फोन करण्याची सवय मला तेव्हापासून लागली. समोरच्या बाजूचे कुणी वारले का, हेही त्यातच विचारून घेतो, कारण ती नव्वद दिवसांची मुदत प्रतिवादीच्या मृत्यूलाही लागू होते.

स्थगितीचाही विचार याच वेळी करावा. केवळ अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. ज्याच्याकडे ताबा आहे त्याला रेकॉर्ड सापडण्याची घाई नसते, आणि शोधाच्या पत्रव्यवहारात त्याच्या वकिलाकडून फारशी मदत मिळेल अशी आशा धरू नये. तरीही पुनर्बांधणीसाठी लागणाऱ्या प्रती बऱ्याचदा त्या वकिलाच्याच कार्यालयात असतात, म्हणून त्याच्याशी बोलणे तोडू नये.

मी आता खालच्या न्यायालयात निकाल लागताच, आपण जिंकलो असो वा हरलो असो, नकलेचा एकच मोठा अर्ज देतो: निकाल, हुकूमनामा, वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), मुद्दे, दोन्ही बाजूंचे सर्व जबाब, निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडलेले सर्व दस्त आणि संपूर्ण रोजनामा. पक्षकार खर्चाला कुरकुरतो, त्याला तेव्हाच समजावून सांगावे. एक सावधगिरी मात्र हवी: मुदत अधिनियमाच्या कलम 12 नुसार निकाल व हुकूमनामा यांच्या नकलेला लागलेलाच वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, निशाण्यांच्या नकलेचा नाही. जिल्हा न्यायालयातील अपिलाला तीस दिवसच असतात, तेव्हा बाकीच्या नकला हाती येईपर्यंत अपील अडवून ठेवू नये; ते दाखल करून नकला नंतर जोडाव्यात. न्यायालयाच्या संगणकीय नोंदीतील प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक आणि जोडप्रकरणांचे सगळे जुने क्रमांक मी फाइलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो.