झेडपीच्या शाळेत मूल घालताना: आधी पाहणी, मग नातेवाइकांना उत्तर

मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचे ठरवले, की पहिला प्रश्न शाळेविषयी येत नाही, तुमच्या ऐपतीविषयी येतो. हळदीकुंकवाला एखादी बाई आवाज उतरवून विचारते, "काय गं, काही अडचण आहे का?" या प्रश्नाला मातृभाषेवरचे व्याख्यान हे उत्तर नव्हे. स्वतः पाहिलेल्या चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत, म्हणून पाहणी आधी करावी.

शाळा स्नेहसंमेलनाला किंवा 26 जानेवारीला पाहू नये. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एखाद्या साध्या मंगळवारी जावे, तिसरीच्या वर्गात मागे बसावे आणि हात वर न करणाऱ्या दोन-तीन मुलांना न शिकवलेल्या धड्यातला एक परिच्छेद वाचायला देण्याची विनंती बाईंना करावी. मूल बोट ठेवून अक्षराला अक्षर जोडत जाते, की गमतीचे वाक्य आले की मान वर करून हसते, एवढ्यावरून बरेच कळते. मग फळ्यावर 52 मधून 27 वजा करायला सांगावे. हातचा कुठे गेला हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर शिकवणे चालू आहे असे समजावे. हीच परीक्षा तुमच्या मनातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही घ्यावी आणि वाचलेल्याचा अर्थ विचारावा. पुष्कळदा गोची तिथे होते.

शिक्षक मोजावेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत पट असला तरी दोन शिक्षक हवेत. द्विशिक्षकी शाळेत गुरुजी एका वर्गाला शिकवत असताना बाकीची मुले काय करतात, हे डोळ्यांनी पाहावे. बदलीचा प्रश्नही विचारावा, कारण एक चांगले गुरुजी गेले की शाळा बदलते. ही या शाळांची खरी दुखरी बाजू आहे आणि ती आपणच लपवू नये.

बाहेरच्यांच्या आधी घरच्यांशी बोलावे. आजी-आजोबांची भीती बहुधा इंग्रजीची असते. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, हे त्यांना सांगावे आणि शाळेत सेमी-इंग्रजी आहे का, ते विचारून यावे.

नातेवाइकांना एकाच वाक्यात सांगावे: "आम्ही वर्गात बसून आलो, तिथली मुले वाचतात." फीचा विषय काढू नये. 2020 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळालेल्या ग्लोबल टीचर प्राइझचा दाखलाही देऊ नये. त्यांच्या कर्तृत्वावरून तुमच्या गावच्या शाळेचे काहीच सिद्ध होत नाही.

उलट बाजूचे टोमणेही आवरावेत. मी एकदा भर कार्यक्रमात "आम्ही टायसाठी पैसे मोजत नाही" असे बोलून गेले आणि समोरची मैत्रीण गप्प झाली. तिच्या गावच्या शाळेत चार वर्गांना एकच शिक्षक उरला होता, हे मला नंतर कळले.

प्रवेशानंतर शाळा व्यवस्थापन समितीत जावे. तिचे 75 टक्के सदस्य पालक असतात, त्यामुळे नळाला पाणी नसल्याची तक्रार तिथे करता येते. सहा महिन्यांनीही मूल वाचत नसेल, तर वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि मग केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) अशा क्रमाने बोलावे. तरीही फरक पडला नाही, तर मूल काढून घेण्यात कमीपणा मानू नये.

खासगी शाळेतून मध्येच झेडपीत येणाऱ्यांना "फी झेपली नाही वाटतं" हे ऐकावेच लागते, शिवाय जुनी शाळा कधी कधी शाळा सोडल्याचा दाखला अडवते. दाखला मिळायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून झेडपीच्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये लिहिलेले आहे. मुख्याध्यापकांकडे जाताना त्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवावी.