बोलका चष्मा वापरायला कसे शिकावे: सुरुवात मानेपासून

कागदावरचा मजकूर कॅमेऱ्याने टिपून कानाशी वाचून दाखवणारे चष्मे आता खानदेशातल्या बऱ्याच घरांत पोहोचले आहेत, आणि त्यांतले कित्येक पहिल्या महिन्यानंतर कपाटात जाऊन पडले आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे. यंत्र बिघडले, मराठी नीट येत नाही, वय झाले, अशी कारणे घरचे लोक सांगतात. मी अमळनेर, पारोळा आणि चोपडा भागांत अंध आणि अल्पदृष्टी असलेल्या लोकांना हे चष्मे त्यांच्या घरी जाऊन शिकवतो, आणि माझ्या अनुभवात दहांपैकी आठ ठिकाणी अडचण मानेची निघते. म्हणून हा लेख मुख्यतः मानेविषयी आहे.

खरेदीबद्दल थोडक्यात सांगतो. दुकानदाराने पुढे केलेल्या इंग्रजी पानावर चष्म्याची परीक्षा करू नये. आपल्या घरातला सातबारा, वीजबिल आणि एखादी लग्नपत्रिका सोबत न्यावी, आणि हे कागद इंटरनेट बंद ठेवून वाचून घ्यावेत, कारण शेतात रेंज नसते. केवळ नोटा ओळखण्यासाठी एवढा खर्च करू नये; रिझर्व्ह बँकेने 2020 च्या जानेवारीत आणलेले ‘मनी’ हे मोफत ॲप ते काम इंटरनेटशिवाय करते. चार्जिंग, मोबाईलशी जोडणी आणि आवाजाचा वेग ही कामे घरातले कॉलेजात जाणारे मूल दहा मिनिटांत करून देईल.

आता खरी अवघड पायरी. चष्म्यातला कॅमेरा आपल्या डोळ्यांच्या मागे जात नाही. नाक जिकडे असेल तिकडेच तो पाहतो. डोळस माणसाला यात विशेष काही वाटत नाही, पण आमच्यापैकी अनेकांचे नाक आणि नजर एका दिशेला नसतात. माझ्या दृष्टिपटलाचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, निकामी झाला आहे. अशा माणसाला समोरच्याचा चेहरा पाहायचा असला तर मान थोडी वळवून कडेच्या नजरेने पाहावे लागते, आणि काही वर्षांत ही सवय इतकी मुरते की आपण मान वळवली आहे हेच कळत नाही. मी चष्मा घेतला तेव्हा शिकवायला आलेल्या माणसाने अर्ध्या तासात सगळी बटणे दाखवली आणि तो निघून गेला. पुढचे तीन आठवडे मी कागद हातात धरून, मान डावीकडे वळवून, भिंतीचे फोटो काढत होतो. चष्मा ‘मजकूर आढळला नाही’ म्हणायचा आणि मी त्याला दोष द्यायचो. शेवटी माझ्या बहिणीने शेजारी बसून सांगितले, “दादा, कागद इकडे आहे आणि तू खिडकीकडे पाहतो आहेस.” ते तीन आठवडे आणि त्या काळातली निराशा दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये असे मला मनापासून वाटते.

मान चुकण्याचे इतरही प्रकार आहेत. ज्यांची कडेची दृष्टी गेली आहे, ते उरलेल्या अरुंद खिडकीतून वस्तू शोधताना मान सतत फिरवत राहतात, आणि हलत्या कॅमेऱ्यात अक्षरे पुसट उमटतात. जन्मापासून अंध असलेल्या अनेकांना वस्तूकडे तोंड करण्याचे कारणच कधी पडलेले नसते. ते कान पुढे करतात. आणि जवळजवळ सर्वांकडून होणारी चूक अशी, की चष्मा कानाशी बोलू लागला की ऐकण्यासाठी मान आपोआप त्या बाजूला कलते आणि कॅमेरा ओळीवरून घसरतो. पारोळ्याच्या एका आजींचा चष्मा दर वेळी दुसऱ्या शब्दाला थांबायचा, आणि त्या वैतागून म्हणायच्या, “हाऊ चष्मा काही बोलत नही!” त्यांना मी आठवडाभर फक्त आवाज ऐकताना हनुवटी स्थिर ठेवायला शिकवले.

यावरचा सराव चष्मा न घालताच सुरू करावा. टेबलासमोर बसावे, कोपर पोटाच्या बाजूला टेकवावे आणि हात पुढे करून तळवा आपल्याकडे वळवावा. हा तळवा चेहऱ्यापासून साधारण दीड वीत अंतरावर येतो, आणि बहुतेक चष्म्यांना कागद वाचायला हेच अंतर मानवते. आता नाकाच्या शेंड्याला तर्जनी लावून ती सरळ पुढे न्यावी आणि तळव्याच्या मध्यावर टेकवावी. बोट तळव्याच्या कडेला लागले तर मान वळलेली आहे असे समजावे. दहा मिनिटे सकाळी आणि दहा मिनिटे संध्याकाळी, पाच-सहा दिवस, एवढा सराव पुरे होतो. घाई करून तो टाळणाऱ्यांकडे मला पुन्हा जावे लागते.

त्यानंतर एखाद्या जुन्या चष्म्याच्या काडीला, ज्या बाजूला कॅमेरा येणार आहे त्याच बाजूला, रबरबँडने छोटी टॉर्च बांधावी आणि उजेडाचा ठिपका कागदावर पडतो का हे घरच्या डोळस माणसाने पाहावे. लेझरचा दिवा मुळीच वापरू नये, तो डोळ्यांना घातक आहे. मदत करणाऱ्याने “इकडे, तिकडे, अरे असे नाही” असे बोलू नये. “एक बोट डावीकडे”, “दोन बोटे खाली” एवढेच सांगावे. त्याने शिकणाऱ्याची मान हाताने धरून वळवू नये, याबाबतीत मी फार कडक आहे. वळवलेली मान शिकत नाही, आणि माणसाचा अपमान होतो तो वेगळाच.

मग खरा चष्मा घालावा. कागद टेबलावर आडवा ठेवला तर मान वाकते आणि अक्षरे तिरपी येतात, म्हणून पोथी ठेवायचा लाकडी स्टँड वापरावा. खिडकी पाठीमागे किंवा बाजूला असावी. समोर खिडकी असली तर कागद कॅमेऱ्याला काळपट दिसतो, आणि दुपारच्या उन्हात ओट्यावर बसले तर तोच पांढरा फटक पडतो. लॅमिनेशन केलेले आधार कार्ड चमकते, ते थोडे तिरके धरावे.

पहिल्या कागदावर मी नेहमी गावांची नावे मोठ्या अक्षरांत छापून घेतो, एका ओळीत एकच: अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव, धरणगाव, मुक्ताईनगर. यामागे कारण आहे. चष्म्याने ‘अमळनेर’ऐवजी नुसते ‘नेर’ वाचले तर शब्दाची डावी बाजू चौकटीबाहेर राहिली आहे, म्हणून नाक किंचित डावीकडे न्यावे. ‘अमळ’ ऐकू आले तर उजवीकडे न्यावे. शिकणाऱ्याला ही नावे लहानपणापासून पाठ असल्यामुळे काय तुटले हे तत्काळ कळते, आणि मग कोणी सांगितल्याशिवाय तो स्वतःची मान स्वतः सुधारू लागतो. अनोळखी मजकुरावर ही सोय मिळत नाही, म्हणून वर्तमानपत्रापासून सुरुवात करण्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही. चष्म्यात पूर्ण पान एकदम टिपण्याची आणि समोर येईल ते सलग वाचण्याची अशा दोन रीती असतील, तर पहिलीच रीत महिनाभर वापरावी. पान टिपून झाले की मान हलली तरी बिघडत नाही.

औषधांबाबत एक ताकीद द्यावीच लागते. गोळ्यांच्या चकचकीत पट्टीवर दाबून उमटवलेली मुदतीची तारीख हे चष्मे वारंवार चुकीची वाचतात किंवा गाळतात. केवळ चष्म्याच्या वाचनावर विसंबून गोळी घेऊ नये. सकाळच्या डबीला एक रबरबँड आणि रात्रीच्या डबीला दोन, ही जुनी पद्धत चालू ठेवावी.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा चष्मा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये आणि तापलेल्या अवस्थेत चार्जिंगला लावू नये.

घराबाहेर चष्मा दुसऱ्या महिन्यात न्यावा, आणि पांढरी काठी घरी ठेवून कधीही निघू नये. चष्मा पाटी वाचतो, उघडे गटार त्याच्या भरवशावर टाळता येत नाही. केळीच्या ट्रॅक्टरमधून बाहेर आलेले दांडे काठीच्याही वर असतात. त्यांच्यासाठी आयआयटी दिल्लीत विकसित झालेले, काठीच्या मुठीवर बसणारे ‘स्मार्टकेन’ उपयोगी पडते, कारण ते ध्वनिलहरींनी गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे 3 मीटरपर्यंत हेरून मुठीत कंप देते. कानात खोचायचे इअरफोन रस्त्यावर वापरू नयेत. गालाच्या हाडावर टेकणारे हेडफोन घ्यावेत, म्हणजे मागून येणारी रिक्षा ऐकू येते. एसटी स्टँडवर पोहोचल्यावर भिंतीला पाठ लावून उभे राहावे, काठी पायाशी उभी धरावी, मगच चष्मा सुरू करून फलाटाची पाटी वाचावी, आणि पाऊल उचलण्याआधी त्याचा आवाज बंद करावा.